जीपवरून उतरल्यावर

वाद सुरू झाला तो जीपवरून. सतरा वर्षांची नोकरी करून एक हवालदार गावी परतला होता. पोरांनी वर्गणी काढून उघडी जीप सजवली, डीजे बोलावला, वेशीपासून घरापर्यंत मिरवणूक काढली. बायांनी औक्षण केलं, सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं, ‘भारतमाता की जय’च्या घोषणा झाल्या आणि दिवेलागणीला जो तो आपापल्या घरी गेला. त्या रात्री सुभेदारांच्या ओसरीवर दोघांचं जुंपलं.

सुभेदारांना फौजेतून येऊन वीस वर्षं उलटून गेली आहेत. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग राखून आहेत. समोर बसलेल्या बाई जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा धाकटा भाऊ फौजेतून परतलेला, त्यामुळे हा विषय त्यांच्या घरातला. ही दोघं आणि तो हवालदार म्हणजे कुणी ठरावीक व्यक्ती नव्हेत. माजी सैनिकांबद्दल गावोगावी जी दोन मतं ऐकू येतात, ती या दोघांच्या तोंडून इथे मांडली आहेत. योजना, गावं, सनावळ्या आणि आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

“मला हे पटत नाही, बाई,” सुभेदार म्हणाले. “मी आलो तेव्हा जालन्याच्या स्टँडवर काळी ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीत चढलो. दुसऱ्या दिवशी बागेत पाणी द्यायला उभा. पगार सरकारनं दिला, पेन्शन सरकार देतंय. गाव माझं काही देणं लागत नव्हतं आणि आजही लागत नाही.”

“जीप मलाही नकोच, अण्णा. पण जीपवरून उतरल्यावर त्या पोराचं काय, हे गावानं विचारायला नको?”

“त्याचं तो बघेल. चाळिशीचा गडी आहे, लहान लेकरू नाही.”

“चाळिशीचा आहे, म्हणूनच विचारतेय.”

बाईंचा हिशेब साधा होता. शिपायाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला माणूस पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान घरी येतो. देशात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास सैनिक असे निवृत्त होतात. त्यांच्याच वयाचा शिक्षक किंवा तलाठी तेव्हा नोकरीच्या ऐन मध्यावर असतो. सैनिकाची मुलं सातवी-आठवीत असतात, आईवडील थकलेले असतात, घराचं बांधकाम अर्धवट असतं आणि हातात येते शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. त्यातलाही मोठा हिस्सा बहुतेक जण आधीच विकून एकरकमी घेतात. फौजी भाषेत त्याला कम्युटेशन म्हणतात. विकलेला तो हिस्सा पूर्ववत व्हायला पंधरा वर्षं जातात.

“निम्मी का होईना, मिळते ना?” सुभेदार म्हणाले. “माझ्या बांधाशेजारच्या शेतकऱ्याला काय मिळतं? २०१२ साली पाऊस गेला, तेव्हा या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकर विकत घेऊन झाडं जगवली लोकांनी. जगली नाहीत त्यांनी सरपण केलं. माझीही अर्धी बाग गेली. पण माझ्या खात्यावर महिन्याला पेन्शन यायची, त्याच्या खात्यावर काहीच नाही. अशा गावात मी कोणत्या तोंडानं म्हणू, की मला आधार द्या? आधाराची गरज त्याला जास्त आहे.”

हा मुद्दा वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावात नियमित पेन्शन असलेलं घर म्हणजे बऱ्यापैकी सुस्थितीतलं घर. राज्य सरकारनं २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेतून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी दिली, तेव्हाही हा प्रश्न होताच. ग्रामपंचायतीचं उत्पन्न मुळात तुटपुंजं, त्यातून सूट द्यायची ती कुणाला, असं विचारणारे लोक वाईट नसतात. सुभेदार स्वतः आजही घरपट्टी भरतात.

बाईंनी त्याला दुसऱ्या बाजूनं हात घातला. “अण्णा, बारा साली ज्यांच्या बागा गेल्या त्यांत पेन्शनीवर आलेली किती माणसं होती? आल्या आल्या कम्युटेशनचे, ग्रॅच्युइटीचे, फंडाचे सगळे पैसे मोसंबीत घातले. झाडाला फळ धरायला पाच वर्षं. पाण्याचा भरवसा नाही. सतरा वर्षं काश्मीर-अरुणाचलात काढलेल्या माणसाला बोअरचं पाणी कुठवर पुरतं हे कुठून ठाऊक असणार? तुमच्यासारख्यानं एक दिवस शेजारी बसवून सांगितलं असतं, की सगळा पैसा एका हंगामात घालू नकोस, आधी शेततळं कर, तर? हाही आधारच की. याला ग्रामपंचायतीचा एक रुपया लागत नाही.”

सुभेदार यावर लगेच काही बोलले नाहीत.

इथे जालन्याची एक अडचण ध्यानात घ्यायला हवी. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरटी कुणी ना कुणी फौजेत. तिथे पेन्शनीवर आलेल्या माणसाला शेजारचा काका सांगतो, की कोणता कागद कधी टाकायचा, पैसे कुठे गुंतवायचे नाहीत, पहिल्या वर्षी घरात तोंड कसं आवरायचं. ही शिकवण कुठे लिहिलेली नाही आणि कुठलं कार्यालय ती देत नाही. कोल्हापूर, रत्नागिरी, सातारा या टापूत ती हवेतच असते.

जालन्याला फौजा ठाऊक आहेत, फौजेतून परत आलेली माणसं मात्र त्या मानानं नवी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांची इंग्रज सेनापती वेलस्लीशी गाठ पडली ते असई याच जिल्ह्यात आहे. पुढे जालन्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी बसली. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे दिवस संपले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता. मराठा पलटणींची भरती व्हायची ती मुख्यतः घाटावर आणि कोकणात. त्यामुळे इथल्या पुष्कळ गावांत आज परतणारा सैनिक हा त्याच्या घराण्यातला पहिलाच असतो. संभाजीनगरच्या भरती कार्यालयाकडून जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बुलढाण्याची पोरं आता मोठ्या संख्येनं जातात. जाण्याची वाट त्यांनी पाडली, येण्याची वाट अजून पडायची आहे.

“वाट पाडायला कार्यालय आहे की जालन्यात,” सुभेदार म्हणाले. “जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग, दिल्लीला केंद्रीय सैनिक बोर्ड. माजी सैनिक महामंडळ आहे, मेस्को म्हणतात ते. गावानं कशाला मधे पडायचं? मधे पडलं की राजकारण आलं. आज शाल देतील, उद्या निवडणुकीत स्टेजवर बसवतील.”

“एक कार्यालय आणि आठ तालुके. मंठ्याच्या पलीकडच्या वाडीवरची म्हातारी विधवा तिथवर कशी पोचते, हे मी जवळून पाहिलंय.”

मग बाईंनी ती हकिगत सांगितली. नवरा वारला, कुटुंब पेन्शन सुरू व्हायला हवी होती. फौजेच्या कागदांवर पत्नीचं नाव होतं तिचं माहेरचं, लग्नात बदललेलं नाव आधारवर, आणि बँकेच्या पासबुकावर तिसरंच, ‘बाई’ जोडलेलं. जन्मतारीख दोन ठिकाणी दोन. लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर नवऱ्यानं युनिटच्या क्लार्ककडे जाऊन नोंद करून घ्यायची असते, तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती वेळेवर झाली नाही किंवा स्पेलिंग चुकलं, तर भोगावं लागतं ते वीस-तीस वर्षांनी बायकोला. रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणे कुठेही: मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, तोफखाना असेल तर नाशिक. पेन्शनचे आदेश निघतात प्रयागराजहून. आता सगळं ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर आलंय. वर्षातून एकदा हयातीचा दाखला त्यावर द्यायचा. तालुक्याच्या सेवा केंद्रातला पोरगा अंगठा घेतो, मशीनवर ठसा उमटत नाही, कारण आयुष्यभर खुरपं धरून बोटाच्या रेषा झिजलेल्या. म्हातारी परत जाते. दाखला पोचला नाही की पेन्शन थांबते.

“तिच्याकडे डिस्चार्ज बुक होतं,” बाई म्हणाल्या. “प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्यात ठेवलेलं. वाचता येत नव्हतं, पण मोलाचं आहे एवढं कळत होतं. मी ते घेऊन प्रतिज्ञापत्र केलं, तलाठ्याचा, ग्रामसेवकाचा दाखला घेतला, रेकॉर्डला तीन वेळा पत्रं टाकली. मी शाळेतली बाई म्हणून मला इंग्रजी अर्ज लिहिता आला. माझ्याजागी कुणी नसतं तर?”

“हे काम माजी सैनिक संघटनेचं आहे.”

“तुम्ही तिचे सभासद आहात ना? मग तुम्ही का नव्हता गेलात?”

सुभेदारांना हे लागलं. ते पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, “मला कुणी सांगितलंच नाही.”

खरी मेख तिथेच आहे. संघटना आहे, कार्यालय आहे, योजना आहेत. त्यांच्यात आणि वाडीवरच्या माणसात निरोप पोचवणारं कुणी नाही. उदाहरण घ्यायचं तर ज्यांना पेन्शन नाही अशांचं. काही कारणानं पेन्शनला पात्र होण्याआधीच घरी आलेले जुने शिपाई गावागावांत असतात. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पासष्टी ओलांडलेल्या आणि पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक मदत मिळते. ती दरमहा ४ हजार होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८ हजार झाली. पैसा येतो सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून. ७ डिसेंबरला शाळाशाळांतून छोटे कागदी ध्वज देऊन जो निधी जमवतात, तोच हा. १९४९ पासून ही प्रथा आहे.

“वर्षानुवर्षं मी पोरांकडून ते पैसे गोळा केले,” बाई म्हणाल्या. “कुणी पाच रुपये आणायचं, कुणी दहा. म्हणजे गाव देतच होतं, अण्णा. फक्त दिलेलं गावातल्याच माणसापर्यंत परत येतंय का, हे मीही कधी तपासलं नाही नि गावानंही नाही.”

सुभेदारांचा पुढचा पवित्रा अण्णा हजाऱ्यांचा होता. माजी सैनिकांच्या गप्पांत हे नाव येतंच. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात फौजेचा ट्रक चालवणारा हा ड्रायव्हर १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतला, मिळालेल्या पैशांतून यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती केली आणि मग गावाला सोबत घेऊन पाणी अडवायला लागला. “त्यांनी गावाकडे आधार मागितला होता का? उलट गावाला आधार दिला. फौजी माणसानं हेच करायचं असतं.”

बाईंचं उत्तर तयार होतं. “राळेगणच्या लोकांनी श्रमदान केलं नसतं तर एकटे हजारे काय करणार होते? गावानं त्यांना जागा दिली, त्यांचं ऐकलं. शिवाय तिथे दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचंही आपण वाचलंय. बराकीतली शिस्त गावावर लादायची ती कुठवर, हा प्रश्न त्यातून उरतोच. आणि दरवर्षीच्या साठ हजारांत हजारे किती? एखाद-दुसरा. बाकीचे तुमच्या-माझ्या भावासारखे. त्यांच्यासाठी काय?”

सुभेदारांना राळेगणचा दाखला सोडवत नव्हता, आणि तो सोडावा असं इथेही म्हणणं नाही. त्यासाठी राळेगणच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही जायला नको. जालन्यापासून जवळच कडवंची आहे. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली आणि दुष्काळी गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्यामागे मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र होतं. जिल्ह्यात २०१८ पासून रेशीम कोषांचा बाजार आहे. तुती लावून थोड्या पाण्यात महिन्याकाठी पैसा देणारा हा धंदा वेळापत्रक पाळणाऱ्या, स्वच्छता सांभाळणाऱ्या माणसाला मानवतो. अळीला पाला वेळेवर द्यावा लागतो, शेड निर्जंतुक करावं लागतं. फौजेत पंधरा वर्षं घड्याळावर जगलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण खरपुडीला जा, तिथल्या माणसांना भेट, हे त्याला गावातल्याच कुणीतरी म्हणायला हवं. नाहीतर तो जालना एमआयडीसीतल्या स्टील कारखान्याच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी धरतो. त्या कामात कमीपणा काही नाही. पण वायरलेस, इंजिन, रुग्णसेवा, हिशेब शिकलेला माणूस केवळ वर्दी शोभते म्हणून गेटवर उभा केला जातो, तेव्हा त्याच्या हातातलं कसब गावाच्या कामी येत नाही.

“राखीव जागा आहेत की,” सुभेदार म्हणाले. “राज्य सरकारच्या क आणि ड वर्गात पंधरा टक्के माजी सैनिकांना.”

“त्या भरतात का सगळ्या? परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर वीस वर्षांनी गणित-बुद्धिमत्ता सोडवायची, तीही बावीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून. आपल्या वाचनालयातल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची पोरं रात्री बारापर्यंत बसतात. त्यांत एक खुर्ची या हवालदारासाठी ठेवा, पोरांना म्हणा, काकांना रीझनिंग शिकवा. काका तुम्हाला पहाटे पळवतील.”

दोघांच्या मतांतलं अंतर सगळ्यात जास्त कुठे होतं, तर घराच्या आतल्या गोष्टींवर. सुभेदारांच्या पिढीनं मनाचा त्रास हा विषय कधी उच्चारलाच नाही. झोप लागत नसेल तर बागेत फेरी मारायची, एवढाच इलाज. बाईंनी आपल्या भावाचं घर पाहिलं होतं. तो नसताना वहिनीनं सोसायटीचं कर्ज काढलं होतं, बोअरची मोटर बाहेर काढून दुरुस्त करून घेतली होती, मुलीचा दाखला जालन्याच्या शाळेत नेला होता. सतरा वर्षं ती घराची कर्ती होती. तो आला आणि पहिल्याच आठवड्यात एटीएम कार्ड त्यानं स्वतःकडे घेतलं. सहा वाजता सगळ्यांनी उठायचं, ताटात काही टाकायचं नाही. त्याच्या लेखी ही शिस्त होती. वहिनीच्या लेखी तिच्या सतरा वर्षांवर पाणी फिरलं होतं. दोघांपैकी कुणीही वाईट नव्हतं.

“असल्या गोष्टीत गावानं काय करायचं? नवरा-बायकोत पंचायत बसवायची का?” सुभेदारांचा आवाज चढला.

“नाही बसवायची. पण तुमच्या मिसेसनं एकदा तिच्याकडे जाऊन म्हटलं असतं, की आमच्याकडेही पहिलं वर्ष असंच गेलं, तर तिला वाटलं असतं की आपलंच काही चुकत नाहीये.”

यापलीकडचं असेल तर टेली-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. फोनवर मराठीतही बोलता येतं. बाईंनी हा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा असं सुचवलं. सुभेदारांना ते पसंत पडलं नाही. फौजी माणूस वेडा असतो असा लोकांचा समज होईल म्हणाले. या एका बाबतीत बाईंची बाजू घ्यायला हवी. भिंतीवर पोलिओचा, टीबीचा, सर्पदंशाचा मजकूर असतो, तसा हाही. नंबर सगळ्या गावासाठी आहे, कर्जात बुडालेल्या त्या बांधाशेजारच्या शेतकऱ्यासाठीसुद्धा.

जखमी सैनिकाबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. मुरलीकांत पेटकरांचं नाव निघालं. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. पोहणं उपचार म्हणून सुरू झालं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यानं आणलं. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनी. खडकीला जखमी सैनिकांना हातचं काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, तिची सुरुवात १९१७ मधली. शेजारी १९७४ पासूनचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. “इस्पितळ, कारखाना, मैदान, सगळ्यांनी हात दिला तेव्हा पेटकर उभे राहिले,” बाई म्हणाल्या. सुभेदार म्हणाले, “पोहले ते स्वतः.” दोन्ही खरं आहे.

बोलणं शेवटी अग्निवीरांवर आलं, आणि तिथे सुभेदारांच्या ‘गाव काही देणं लागत नाही’ या म्हणण्याची खरी परीक्षा झाली. त्यांच्या पुतण्याचा मुलगा पहिल्या तुकडीत आहे. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली, पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२२ संपता संपता सुरू झालं, म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून ही पोरं परतणार. चार वर्षांनी शंभरातली फार तर पंचवीस कायम होतील, बाकीच्यांना सेवानिधी म्हणून सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतील. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएसचं आरोग्य कार्ड नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या आहेत, त्यात जमेल त्याचं जमेल.

“एकवीस-बावीसचा असेल,” सुभेदार म्हणाले. “अंगात दम आहे. शिकेल, काहीतरी करेल. बारा लाख थोडे नाहीत.”

“बारा लाखांचा प्लॉट कुणीतरी त्याच्या गळ्यात मारेल, नाहीतर गाडी येईल दारात. मग लग्न. दीड वर्षात खातं रिकामं. तुम्ही आलात तेव्हा दर महिन्याला पेन्शन यायची, एखादी चूक झाली तरी पुढचा महिना होता. याला पुढचा महिना नाही. आणि माजी सैनिक म्हणवून घेऊन तो कोणत्या कार्यालयाची पायरी चढणार?”

सुभेदार बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्याचा बाप मला परवाच विचारत होता, पोरगा आला की काय करायचं म्हणून. मी म्हटलं, आल्यावर बघू.”

“आल्यावर बघायला उशीर होतो, अण्णा. आताच बघा.”

अमेरिकेनं १९४४ मध्ये, महायुद्ध संपायच्या वर्षभर आधीच, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला होता. पुढच्या बारा वर्षांत ७८ लाख जणांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. ब्रिटननं २०११ मध्ये सैनिकांबद्दलची समाजाची बांधिलकी कायद्यात आणली आणि नोव्हेंबर २०२२ पासून घर, आरोग्य, शिक्षण या बाबतींत स्थानिक संस्थांवर त्याची कायदेशीर जबाबदारी टाकली. हा दुसरा दाखला आपल्याला जास्त जवळचा आहे, कारण आपल्याकडे स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायत आणि तिला हे सांगणारा कायदा अजून नाही. जाफराबाद किंवा घनसावंगीतल्या एखाद्या ग्रामपंचायतीनं आपणहून ठराव केला तर तिला कुणी अडवणार मात्र नाही.

बाईंनी तो ठराव तिथेच वहीत लिहायला घेतला. गावातले आणि वाड्यांवरचे माजी सैनिक, त्यांच्या विधवा, सध्या सेवेत असलेले जवान आणि अग्निवीर यांची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी. त्यांच्या कागदपत्रांसाठी गावातला एक माणूस नेमावा, त्यानं महिन्यातून एकदा जालन्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावं. सेवेत असलेल्यांनी सुट्टीवर आल्यावर आधार, पासबुक आणि फौजेच्या नोंदी ताडून बघाव्यात. अभ्यासिकेसाठी पंचायतीनं थोडी तरतूद करावी.

“पैशाचं कलम काढा,” सुभेदार म्हणाले. “शाळेचं छत गळतंय, त्याला पैसे नाहीत आणि आमच्यासाठी तरतूद? मी ग्रामसभेत उभा राहून विरोध करीन.”

“करा. मी उत्तर देईन.”

“आणि माणूस नेमायचं जे कलम आहे, त्यात माझं नाव घाला. मोटारसायकल माझी, पेट्रोल माझं. बेळगाव आणि सागरच्या रेकॉर्डला काय लिहायचं ते मला येतं, इंग्रजी तुम्ही तपासून द्या.” मग त्यांनी विचारलं, “त्या मंठ्याच्या म्हातारीची पेन्शन सुरू झाली का शेवटी?”

“सुरू झाली. थकबाकी अजून यायचीय.”

“पीपीओ नंबर आहे तुमच्याकडे?”

पेन्शन आदेशाचा तो नंबर बाईंच्या वहीत होता. सुभेदारांनी चष्मा लावून तो आपल्या डायरीत उतरवून घेतला. ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. चौथ्या कलमावर दोघं एकमेकांविरुद्ध बोलणार आहेत.